गाठ जाळायला जाताना पोट थंड करू नका

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला तेव्हा मी टेबलावरच्या सॅनिटायझरच्या बाटलीकडे बघत होते. तिच्या तोंडाशी एक वाळलेला चिकट थेंब लोंबत होता. एवढं मोठं हॉस्पिटल, काचेची दारं, खाली फुलांचं दुकान, आणि ही बाटली पुसावी असं कोणालाच वाटलं नाही, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "देखिए अम्मा, कॅन्सर है. पॅन्क्रियाज का. ऑपरेशन नहीं हो सकता."

पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं असतं. अन्न पचवणारा रस आणि साखर आवरणारं इन्सुलिन, दोन्ही तिथं तयार होतं. माझ्या नवऱ्याच्या, सुभाषच्या, स्वादुपिंडात मध्यभागी गाठ होती आणि तिने शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला सगळीकडून वेढलं होतं. "नस के अतराफ लिपट गया," डॉक्टर म्हणाले. गाठ काढायची तर ती रक्तवाहिनी तुटणार, म्हणून ऑपरेशन नाही. हे सगळं त्यांनी पेनाच्या टोपणाने पडद्यावर दाखवलं. टोपण चावलेलं होतं.

मला किळस फार लवकर येते. लहानपणापासून आहे, आणि नवऱ्याला कॅन्सर झाला म्हणून ती गेली नाही. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे किंवा उद्या येईल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, पण गोड करून लिहिणं मला जमणार नाही. मी वाचलेल्या अशा लेखांत आजारी माणूस शांत असतो आणि घरचे सगळे न थकता हसतमुखाने सेवा करतात. आमच्या घरात तसलं काही झालं नाही.

आम्ही मलकपेठला राहतो. दोघांचंही मूळ गाव नांदेडकडचं, पण आमच्या आधीची पिढीच नोकरीसाठी हैदराबादला आली आणि इथलीच झाली. सुभाष सरकारी ऑफिसात अकाउंट्सला, मी शाळेत गणित शिकवते, मुलगी प्रज्ञा आयटीत आहे.

सुरुवात दुखण्याने झाली. बेंबीच्या वर दुखायचं आणि कळ पाठीत निघायची. जेवल्यावर जास्त, आडवं झाल्यावर त्याहून जास्त. गल्लीतल्या डॉक्टरने गॅस म्हणून गोळ्या दिल्या. मग वजन उतरलं. मग अचानक रक्तात साखर निघाली, घराण्यात कोणालाही नसताना. तरी आम्ही गॅसच धरून बसलो होतो.

मग संडासची गोष्ट. हे लिहू नको असं प्रज्ञा म्हणते, पण लिहिण्यासारखं हेच आहे. शौच पांढुरकं, तेलकट, पाणी कितीही ओतलं तरी वर तरंगत राहणारं, आणि वास असा की मधल्या खोलीतली खिडकी उघडावी लागायची. सुभाष आतून कडी लावून बादल्यांवर बादल्या ओतत बसायचे. मला वाटायचं, ऑफिसातून येताना मिर्ची बज्जी खाऊन आले असणार. याला स्टिॲटोरिया म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, त्यामुळे जेवणातलं तेल-तूप न पचता तसंच बाहेर पडतं. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल आणि पाठही दुखत असेल, तर नाक दाबून गप्प बसू नका. घरात ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही तीच गोष्ट डॉक्टरला आधी सांगायची असते.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी सुभाषना विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. मला वाटलं, ते दुखण्याचं किंवा जेवणाचं सांगतील. ते म्हणाले, "डॉक्टरसाब, मेरे को सीधा सोना है. पीठ पे."

कारण ते कित्येक आठवडे आडवेच झाले नव्हते. पाठ टेकली की गाठ मागच्या नसांवर दाब द्यायची. डायनिंग टेबलावर दोन उशा, त्यांवर डोकं, आणि खुर्चीत बसून झोप. सकाळी गालावर उशीच्या शिवणीचा वळ आणि लाळेचा ओघळ. मी ती उशी रोज धुवायची आणि रोज मला शिसारी यायची. आणि रोज एकच मागणं मनात असायचं, या माणसाला एकदा तरी गादीवर पाठ टेकून झोपता येऊ दे.

डॉक्टरांनी त्याच बैठकीत दारूचंही विचारलं, ते त्यांचं कामच आहे. सुभाषनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण पुढे हाच प्रश्न ज्याने त्याने विचारला. भेटायला यायचं, बिस्किटं खायची, आणि निघताना चपला घालता घालता हळूच विचारायचं. माझ्या शाळेतल्या एक बाई चिक्कडपल्लीहून मुद्दाम आल्या होत्या. माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमच्याकडे चालतं ना, म्हणून विचारलं." तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. आमच्या बैठकीतली बुद्धाची मूर्ती त्यांनी येतानाच पाहिली होती. मी हात सोडवून घेतला. त्या दिवशी मला जी किळस आली ती संडास धुताना कधी आली नव्हती.

आधी केमोथेरपी सुरू झाली. केमो म्हणजे शिरेतून दिली जाणारी औषधं, जी कॅन्सरच्या पेशी मारतात आणि चांगल्याही मारतात. तोंड आलं, जिभेवर पांढरा थर धरला, पाण्याला लोखंडाची चव लागायला लागली. डे-केअरच्या वेटिंग रूममध्ये एकीकडे कोणी डब्यातला दहीभात खातंय, शेजारी कोणी पिशवीत ओकतंय, आणि वर टीव्हीवर एक टवटवीत बाई दातांची पेस्ट विकतेय. हॉस्पिटलवाले त्या सगळ्या वासावर लिंबाच्या वासाचा फवारा मारायचे. आजही लिंबाच्या वासाचं काही घरात आणलेलं मला खपत नाही.

स्वादुपिंडाचा रस कमी पडतो म्हणून जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या. त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात असं प्रज्ञाने गुगल करून सांगितलं. "मम्मी, तू बाबांना सांगू नको हां, ते घेणार नाहीत." सुभाष शेजारीच बसले होते. त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "डुकराला थँक्स सांग." त्या काळात ते हसले असे दोन-तीनच प्रसंग आहेत, त्यातला हा एक. कॅप्सूलनी संडासचा त्रास खरोखर कमी झाला. ज्यांना दिल्या जातील त्यांनी घ्याव्यात, आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्याव्यात, जेवण झाल्यावर नाही.

केमोच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा स्कॅन झाला. गाठ आटली नव्हती, पण वाढलीही नव्हती आणि दुसरीकडे पसरलीही नव्हती. दुखणं मात्र तसंच. तेव्हा डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनचं नाव काढलं.

ॲब्लेशन म्हणजे गाठीतल्या पेशी जागच्या जागी मारणं, इथं उष्णता देऊन. गुंगी देतात आणि तोंडातून दुर्बिणीची नळी जठरात उतरवतात. नळीच्या टोकाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं, याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात. स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे असल्यामुळे जठराच्या आतूनच गाठ दिसते. मग नळीतून एक लांब सुई जठराची भिंत पार करून गाठीत घालतात. विजेच्या लहरींनी सुईच्या टोकाभोवती उष्णता तयार होते आणि तेवढा भाग भाजून निघतो. पोटावर कुठे काप नाही, टाका नाही. टोक प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून सुईच्या आतून गार पाणी फिरवत ठेवतात.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. हा कॅन्सर बरा करणारा उपाय नाही, केमोच्या जोडीला करून बघायचा आहे, अजून फार ठिकाणी होत नाही आणि सगळ्यांना चालत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, हेही सांगितलं. "और अगर लिवर में फैल गया, तो फिर ये करने का कोई मतलब नहीं."

"सीधा सो सकूँगा?" सुभाषनी विचारलं.

"उम्मीद है. गॅरंटी नहीं देता मैं."

आम्ही हो म्हणालो. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे, रक्तातल्या पेशी सावरल्यावर, एक सकाळ ठरली.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे सुभाषची थोरली बहीण. नल्लकुंट्याला मुलाकडे राहतात. आई लवकर गेली, त्यामुळे सुभाषना त्यांनीच वाढवलं. माणूस जिवाला जीव देणारा, पण ऐकून घेणारा नाही. उष्णता देऊन गाठ जाळणार हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं, सुईतल्या गार पाण्यासकट सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू एक तर उष्ण असते नाहीतर थंड. पपई उष्ण, अंडं उष्ण, डॉक्टरच्या गोळ्या तर सगळ्याच उष्ण. काकडी थंड, ताक थंड, सब्जा सगळ्यात थंड. उन्हाळ्यात घराबाहेर पडायचं तर आधी पोट थंड करून निघायचं, हे अक्कांनी सुभाषना लहानपणापासून लावलेलं वळण. त्यांच्या हिशेबात भावाच्या पोटात आग घालणार होते आणि घरात कोणालाही त्याची फिकीर नव्हती.

हॉस्पिटलने आदल्या रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही असं बजावलं होतं. त्या सकाळी मी आंघोळीला गेले असताना अक्का आल्या. सोबत स्टीलचा डबा. त्यात गुलाबाच्या सरबतात भिजवलेला सब्जा आणि गोंद कतीरा. हैदराबादेत उन्हाळाभर हे घरोघर पितात. सब्जाच्या बियांभोवती बुळबुळीत वेष्टण धरतं आणि गोंद कतीरा, म्हणजे झाडाचा डिंक, फुगून थुलथुलीत होतो. अक्कांनी भावाला ते दोन गिलास पाजलं. मी बाहेर आले तेव्हा डबा पिशवीत गेला होता. मला वाटलं, प्रज्ञासाठी उपमा वगैरे आणला असेल.

हॉस्पिटलात सिस्टरने विचारलं, नाश्ता केला का, पाणी प्यायलात का. सुभाषनी दोन्हीला नाही म्हटलं. खोटं बोलण्याचा स्वभावच नाही त्यांचा. नंतर मला म्हणाले, "नाश्ता नव्हता, पाणी पण नव्हतं. अक्का म्हणाली, हे खाणं नाही, औषध आहे." हिशेबतपासनीस माणूस, ऑफिसात दुसऱ्याच्या एका ओळीवर विश्वास न ठेवणारा. बहिणीने गिलास पुढे केला की लहान मूल.

त्यांना आत नेऊन फार वेळ झाला नव्हता, तोच डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले. इतक्या लवकर बाहेर आले म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढं मला कळलं.

"क्या पिलाए इनको?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला दुर्बिणीने टिपलेला फोटो दाखवला. सुभाषच्या जठराच्या आतला. गुलाबी ओल्या भिंती, आणि तळाला बेडकाच्या अंड्यांसारखा थर, प्रत्येक बुळबुळीत मण्यात एक काळा ठिपका. मधेमधे डिंकाचे थुलथुलीत गोळे. मी तिथंच तोंडावर पदर धरला. आजारामुळे त्यांचं जठर आधीच हळू रिकामं व्हायचं, त्यात हे. गुंगीत असताना हे सगळं घशाशी आलं असतं आणि श्वासनलिकेत गेलं असतं. याला ॲस्पिरेशन म्हणतात, आणि त्याने माणूस कॅन्सरची वाट न बघता टेबलावरच जातो. डॉक्टरांनी नळी लगेच बाहेर काढली होती. त्या दिवशी ॲब्लेशन होणार नव्हतं. केमो थांबवता येत नव्हती, म्हणजे आता पुढच्या मोकळ्या आठवड्यापर्यंत थांबायचं, आणि त्याआधी पुन्हा स्कॅन. यकृतावर डाग दिसला तर ॲब्लेशन कायमचं रद्द.

अक्का वेटिंग रूममध्ये डोळे मिटून वंदना पुटपुटत बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अक्का, सकाळी काय दिलंत त्यांना?"

"सब्जा की. का गं?"

"काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"जेवायला नको म्हणली होतीस तू. हे कुठं जेवण हाय? आतून आग लावायलेत पोराच्या, जरा थंडावा नको?" माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला, पण माघार नाही. "अन् त्यांच्या सुईत बी थंड पाणी सोडायलेत, तूच सांगितलीस. मग मी काय येगळं केले?"

सुईतलं पाणी मीच सांगितलं होतं, म्हणून माझं डोकं जास्तच फिरलं. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून आमच्या घरी येऊ नका." प्रज्ञा माझा हात ओढत होती, "मम्मी, प्लीज, इथे सीन नको." मी हात झटकला. मला त्या डब्याची, त्या प्रेमाची, त्या सगळ्या उष्ण-थंड शास्त्राचीच शिसारी आली होती. अक्का डबा घेऊन निघून गेल्या.

पुढचे आठवडे आमचा जीव टांगणीला लागला होता. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप आला, ॲडमिट करावं लागलं. दुखण्यासाठी मॉर्फीन सुरू झालं. मॉर्फीन म्हणजे अफूपासूनचं वेदनाशामक. ते घेताना घाबरू नका, व्यसन लागेल असं शेजारी सांगतात ते ऐकू नका, पण त्याने पोट दगडासारखं होतं हे मात्र लक्षात ठेवा आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. आम्हाला ते आठवण्याआधी एनिमाची वेळ आली. त्याचं वर्णन करत नाही, माझीही काही सीमा आहे.

सुभाष टेबलावर डोकं ठेवून विचारायचे, "अक्काला फोन केलीस?" मी म्हणायची, तुम्हीच करा. ते बाल्कनीत जाऊन करायचे. मला ऐकू यायचं, "नाही गं, बरं हाय. जेवलो. खरंच जेवलो." खरं म्हणजे दोन घासांच्या वर काही जात नव्हतं. मीही बाल्कनीत गेले नाही. मला रोज तो फोटो दिसायचा आणि वाटायचं, या दोन गिलासांपायी यकृतावर डाग आला तर मी त्या बाईचं तोंड बघणार नाही.

स्कॅनच्या दिवशी मला डॉक्टरांसमोर बसवेना. प्रज्ञा आत गेली, मी दारात उभी राहिले. डॉक्टर पडद्यावर वरखाली करत राहिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिवर साफ है, अम्मा. करेंगे."

मी खाली जाऊन कँटीनच्या बेसिनपाशी रडले. बेसिनमध्ये कोणाची तरी सांबारातली शेवग्याची शेंग चघळून टाकलेली होती. रडताना मला तीही दिसत होती.

दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळपासून मी सुभाषच्या शेजारून हलले नाही. दाराला आतून कडी घातली. सकाळी हॉस्पिटलात पोचलो तर वेटिंग रूमच्या अगदी टोकाच्या खुर्चीवर अक्का बसलेल्या. कोणी सांगितलं होतं हे विचारायची गरज नव्हती. दोन्ही हात मांडीवर, जवळ पिशवी नाही, डबा नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मी बघितलं, त्यांनी बघितलं. मी माझ्या जागेवर बसले, त्या त्यांच्या.

या वेळी डॉक्टरांना बाहेर यायला बराच वेळ लागला, आणि तो लागावा असंच मला वाटत होतं. गाठीत सुई वेगवेगळ्या जागी ठेवून उष्णता दिली होती. भाग भाजला की पडद्यावर पांढरे बुडबुडे दिसतात, ते दिसले की थांबायचं. रक्तवाहिनीला चिकटलेली कड मुद्दाम सोडली होती. "उधर हाथ नहीं लगाया. रिस्क है," ते म्हणाले. एवढ्या ताकदीचं यंत्र हातात असून जिथं थांबायचं तिथं थांबले, याचं मला आजही मोल वाटतं.

लगेच बरं वाटेल अशी आशा धरू नका. त्या दिवशी संध्याकाळी दुखणं वाढलं, ताप चढला. स्वादुपिंडाला थोडी सूज आली होती, रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा चालल्या होत्या. आणि मग सुभाषना उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट, माझ्या साडीवर, हातावर, चादरीवर. सुई गेलेल्या जागचं जुनं रक्त होतं, घाबरण्यासारखं नव्हतं, हे डॉक्टरांनी तपासून मग सांगितलं. मी सिस्टरला बोलवण्याची बेल दाबली, बाथरूममध्ये पळाले आणि स्वतःच ओकले.

बाहेर आले तर अक्का आत आलेल्या. भावाची मान धरून बसल्या होत्या आणि ओल्या कपड्याने त्याची दाढी पुसत होत्या. चेहऱ्यावर एक आठी नाही.

"तू बस बाहेर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुला नाही सोसत हे. मला म्हाईत हाय."

कृतज्ञता वगैरे मला तेव्हा वाटली नाही. उलट राग आला, की या बाईला किळस येत नाही आणि मला येते, आणि तो माणूस माझा नवरा आहे. सुभाषनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "तुला माझी घाण वाटायलीय का?" नाही म्हणणं सोपं होतं. अक्का ऐकत होत्या. मी म्हटलं, "हो, वाटते. उलटीची वाटते, संडासची वाटते, त्या उशीची तर फारच वाटते. पण मी कुठे जात नाही." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मग मी चादरीचं दुसरं टोक धरलं. नाक वाकडं करून धरलं, पण धरलं. आम्ही दोघींनी मिळून चादर बदलली.

सूज उतरली, आम्ही घरी आलो. काही आठवड्यांनी स्कॅन झाला. गाठीच्या मधोमध काळा भाग दिसत होता. "वो मर गया," डॉक्टर म्हणाले. "किनारे का बाकी है." म्हणजे केमो चालूच राहणार, कदाचित ॲब्लेशन पुन्हा करावं लागेल, आणि तरीही हा आजार कधीतरी पुढे सरकेल. किती दिवसांनी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जगण्याचं वचन आम्हाला कोणी दिलेलं नाही.

तुम्ही या वाटेने निघाला असाल तर एवढंच सांगते. ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नका, विचारा. पण ज्या उपायाचं नाव ऐकाल तो आपल्या माणसाला चालतो का, हे डॉक्टरकडूनच ऐका. तोंडात काही घालायचं नाही म्हणजे सरबत, काढा, अंगारा, मधाचं बोट, काहीही नाही, हे रोग्यापेक्षा त्याच्यावर माया करणाऱ्यांना आधी समजावा, आणि अर्धवट समजावू नका. आणि किळस आली तर स्वतःला वाईट समजू नका. ती येऊ द्या आणि चादर बदला. माझ्या मनात आता डॉक्टरांबद्दल, त्या सुईबद्दल, डुकराबद्दलही उपकाराची भावना आहे. अक्कांच्या बाबतीत मी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी दिलेल्या कुठल्याही गिलासाचा मी आधी वास घेते, आणि त्या घेऊ देतात.

परवा दुपारी त्या आल्या होत्या. प्रज्ञा घरून काम करत होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसलो होतो. आतल्या खोलीतून आवाज यायला लागला. सुभाष घोरत होते. अतिशय घाणेरडं घोरणं आहे ते, आधी खरखर, मग शिट्टी, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं. लग्न झाल्यापासून मला त्याचा वीट आलेला. आणि ते फक्त उताणं झोपल्यावरच येतं.

अक्कांचा हात थांबला. "किती घाण घोरायलाय बघ," त्या म्हणाल्या.

"पहिल्यापासूनच," मी म्हटलं.

"शी, मम्मी, माझा कॉल आहे," म्हणत प्रज्ञा बाबाच्या खोलीचं दार लावायला उठली. आम्ही दोघींनी एकदमच तिला सांगितलं, दार उघडं राहू दे.